बाळाचे बूट पायात टिकत नाहीत! (आईच्या साडीचे तुकडे, सांगली)

कृष्णाकाठची | 9 ऑगस्ट, रात्री 10:40
मंडळी, शिवणकामातल्या जाणकारांनी जरा हात द्या. लेकीला सातवा लागलाय, पहिलटकरीण आहे, बाळंतपण इथे सांगलीलाच. बाळंतविड्याची झबली, टोपडी, लंगोट, दुपटी हे सगळं हाताखालचं आहे, त्यात काही अडत नाही. अडलंय ते बुटांपाशी.

कापडाबद्दल आधी सांगते. 2019 च्या पुरात आमचं गावभागातलं जुनं घर बुडालं. धोक्याची पातळी 45 फूट आणि आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं. आईची ट्रंक पाच दिवस पाण्याखाली होती. रेशमी साड्यांचं काही उरलं नाही. सुती साड्यांचे काठ कुजले, पण अंगाचं कापड बऱ्यापैकी टिकलं होतं. धुऊन, वाळवून, चांगले तुकडे कापून आईने गाठोडं बांधून ठेवलं. "वाकळ कर याची," म्हणाली होती. वाकळ काही झाली नाही, आणि आता आईही नाही. त्यातलेच तुकडे काढलेत.

कागदाचा साचा व्हिडिओ बघून केला. तळवा 4 इंच लांब, पुढचा चवड्याचा भाग, मागे टाचेची पट्टी. आतून अस्तर, टाचेला 5 इंच इलॅस्टिक. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा नातू तीन महिन्यांचा आहे, त्याला घालून बघितले. पठ्ठ्याने दोन लाथा मारल्या. एक बूट कॉटखाली, दुसरा माझ्या मांडीवर. शिवाय चवड्याला चुण्या पडल्यात, आणि आत्ता नीट बघितल्यावर कळलं की दोन्ही बूट डाव्याच पायाचे झालेत! फोटो टाकलाय. हसा, पण सांगा.

सुईदोरा | 9 ऑगस्ट, रात्री 10:58
काकू, फोटो उघडत नाहीये. पण दोन्ही डावे हे वाचून माझी पहिली जोडी आठवली. माझे दोन्ही उजवे होते. एकत्र भेटूया, एकेक बदलून घेऊ.

नाना_साताऱ्याचे | 10 ऑगस्ट, सकाळी 6:15
ताई, मी साताऱ्यात चाळीस वर्षं टेलरिंग केलं. आता दुकान मुलाकडे, मी नातवंडांचं शिवतो.

दोन्ही एका पायाचे होणार नाहीत तर काय? ठाणातलं कापड असतं तर आपण सुलट-सुलट दुमडून दोन पदर एकदम कापतो, आपोआप जोडी पडते. तुकड्यांत दुमडायला जागाच नसते, म्हणून एकेक कापावं लागतं. अशा वेळी एक तळवा कापला की साचा पालथा घालायचा आणि मग दुसरा आखायचा. कागदाच्या एका बाजूला "डा" लिहा, दुसऱ्या बाजूला "उ". अस्तराचंही तसंच. अस्तराला लोक विसरतात आणि मग रात्री बारा वाजता चरफडत बसतात.

चुण्यांचं म्हणाल तर तुम्ही बहुतेक एका टोकापासून टीप मारत गेलात आणि उरलेला जास्तीचा भाग शेवटी दाबून बसवलात. तसं नाही करायचं. तळवा उभा दुमडून पुढे आणि मागे मधोमध बारीक खूण करा. चवड्याच्या तुकड्यालाही मध्याची खूण. मध्याला मध्य टाचून मग दोन्ही बाजूंना सरकत या. टाचेची पट्टी सरळ असते आणि तळव्याची कड गोल. तेव्हा पट्टीच्या शिलाईत अर्ध्या अर्ध्या इंचावर बारीक कात्रे द्या, म्हणजे ती पसरून गोलाईवर बसते. कात्रे पट्टीला द्यायचे, तळव्याला नाही. टिपेच्या अलीकडे सुताइतकं अंतर ठेवून थांबायचं.

बूट निसटतात कारण इलॅस्टिक सैल आहे. 5 इंच फार झालं, 4 घ्या.

सुईदोरा | 10 ऑगस्ट, सकाळी 9:20
नाना, "सुताइतकं" हा शब्द किती दिवसांनी वाचला!

वाई_ते_वाठार | 10 ऑगस्ट, सकाळी 11:05
मी घरून असे बूट विकते, म्हणून चार गोष्टी सांगते. एका जोडीला मोजून 12 तुकडे लागतात. तीन भाग, प्रत्येकी बाहेरचा आणि आतला, आणि दोन पाय. त्यातला सर्वांत मोठा तुकडा टाचेचा, तोही वीतभर नाही. त्यामुळे ब्लाउजचं कातरण पुरतं. टेलरकडे पोतं भरून पडलेलं असतं, ओळख असेल तर तसंच देतात. निवडायलाच वेळ जातो. टेरीकॉट आणि साटीन मी बाजूला काढते, घाम शोषत नाहीत. नवीन कातरण असेल तर शिवायच्या आधी धुवाच, सुती कापड आटतं. एक बूट आटलेला आणि एक न आटलेला अशी जोडी मी एका गिऱ्हाइकाला देऊन बसले होते. अजून ती रस्त्यात दिसली की मी दुकानात शिरते.

काकूंच्या साडीचं कापड कधीच आटून झालंय, ती काळजी नाही. फक्त एक करा. दोन्ही हातांत धरून आडवं-उभं ओढून बघा. टरकन आवाज आला तर तो तुकडा गेला म्हणायचा. उरलं ते अस्तराला वापरा, बाहेरून जरा दमदार कापड घ्या. जुन्या साडीइतकं मऊ काही नाही, पण पायाच्या घर्षणाला ती टिकत नाही.

दक्षिण_काशी | 10 ऑगस्ट, दुपारी 12:30
स्पष्ट बोलते, राग मानू नका. पुराच्या पाण्यातलं कापड तान्ह्या बाळाला? माझ्याच्याने झालं नसतं.

मिरजेची_सिस्टर | 10 ऑगस्ट, दुपारी 3:45
नुकतीच ड्युटी संपली, म्हणून आत्ता लिहितेय. वीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलीत.

पुराचा चिखल वाईटच, शंका नाही. पण सुती कापड उकळता येतं ही त्याची मोठी सोय. साबणाने धुवा, पाण्यात चांगलं उकळवा, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. चहासारखा डाग राहिला तर राहू द्या, डागाने काही होत नाही. कुबट वास मात्र राहायला नको. उकळूनही वास आला किंवा बुरशीचे काळे ठिपके दिसले, तर आईची साडी असली तरी तो तुकडा बाळापासून लांब ठेवा. इथे भावना मध्ये आणू नका.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. बूट उलटा करून आतली टीप दाखवा बरं. आत कापडाची कड उघडी असेल तर त्याचे दोरे सुटतात. सुटलेला दोरा किंवा आईचा एखादा केस बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि हळूहळू आवळत जातो. बोट सुजून लाल-निळं होतं, बाळ का रडतंय ते कुणालाच कळत नाही. मी स्वतः अशी बाळं पाहिलीत. दर वेळी भिंगातून बघून दोरा कापावा लागतो. बूट घालायच्या आधी आत बोट फिरवायचं, काढल्यावर दहाही बोटं बघायची. मोती, टिकल्या, बटणं नकोत. लांब रिबिनी नकोत.

कृष्णाकाठची | 10 ऑगस्ट, रात्री 9:50
सिस्टर, आत्ता उलटा करून बघितला. आत कडा उघड्याच आहेत, आणि दोरे तर झिपऱ्यांसारखे लोंबतायत. पोटात गोळा आला. काकूंना लगेच फोन केला, नातू ठीक आहे, दोन मिनिटंच घातले होते म्हणा.

दक्षिण_काशी, राग नाही. तुकडे उद्या उकळायला टाकते.

नाना_साताऱ्याचे | 11 ऑगस्ट, सकाळी 6:05
सिस्टरांनी बरोबर धरलं. मी कात्रे द्यायला सांगितले, त्यानेही दोरे सुटणारच. मग रीत बदला. बाहेरचा आणि आतला कापड एकत्र धरून तळव्याला जोडू नका. दोन वेगवेगळे बूट शिवा, एक बाहेरच्या कापडाचा, एक अस्तराचा. बाहेरचा सुलट करा, आतला उलटाच ठेवा आणि बाहेरच्यात सारा. म्हणजे दोघांच्या शिलाया एकमेकींकडे तोंड करून मध्ये अडकतात. पायाला फक्त साफ कापड लागतं. वरची कड आत दुमडून जोडायची, मागच्या बाजूला इलॅस्टिकपुरती नळी सोडायची. काम थोडं वाढतं, पण इंटरलॉकही लागत नाही.

आणखी एक. चवडा आणि टाचेची पट्टी जिथे एकमेकांवर येतात तिथे जाडी होते. तिथे पाय मारू नका, मशीनचं चाक हाताने फिरवून एकेक टाका घ्या. सुई 16 नंबरची लावा. 14 ची तिथेच मोडते.

जतचा_गडी | 11 ऑगस्ट, सकाळी 10:30
आमच्याकडं मेंढराच्या लोकरीच्या घोंगड्याचा तुकडा पडलाय. तळव्याला लावला तर? थंडीत लई ऊब देतंय.

वाई_ते_वाठार | 11 ऑगस्ट, सकाळी 11:10
दादा, बाहेरून तळाला ठीक. आत लावलंत तर बाळ रात्रभर तुम्हालाच जागवेल.

हिशेबनीस | 11 ऑगस्ट, दुपारी 1:15
शिवणकाम येत नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत साचे बनवतो, म्हणून धागा वाचत होतो. काकू, दोन प्रश्न. तळवा 4 इंच म्हणजे कापताना 4, की शिवून झाल्यावर 4? आणि नातवाच्या पायाची लांबी किती?

कृष्णाकाठची | 11 ऑगस्ट, दुपारी 2:00
कापताना 4. शिलाई पाव इंच. पाय मोजायला वर जाऊन येते.
...
साडेनऊ सेंटिमीटर. कागदावर पाय ठेवून पेन्सिलने आखला. त्याला गुदगुल्या झाल्या, दोनदा आखावा लागला.

हिशेबनीस | 11 ऑगस्ट, दुपारी 2:20
मग इलॅस्टिकचा दोष नंतर काढू. 4 इंच म्हणजे 10.2 सेंमी. पाव इंच शिलाई पुढे आणि पाव इंच मागे, मिळून 1.3 सेंमी गेले. आत उरलं 8.9. पाय 9.5. बूट सैल नाहीये, आखूड आहे. टाच आत बसतच नाही, ती इलॅस्टिकवर टेकून राहते. पहिल्या लाथेला निसटणारच. इलॅस्टिक आणखी घट्ट केलंत तर आणखी लवकर निसटेल, शिवाय पायावर वळ उठेल.

नाना_साताऱ्याचे | 11 ऑगस्ट, दुपारी 4:40
कान पकडले. 4 इंच म्हटल्यावर मी शिवून झालेलं माप धरलं. आम्ही शिंपी लोक माप सांगतो ते तयार कपड्याचं, कापायचं मनात वाढवतो. ताईंनी साचा सांगितला आणि मी माप ऐकलं.

मिरजेची_सिस्टर | 11 ऑगस्ट, रात्री 8:30
हिशेबनीस, छान. आता पुढचा भाग माझा. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाचा तळवा साधारण साडेसात ते आठ सेंटिमीटर असतो. वजनकाटा नसेल तिथे तळव्याच्या लांबीवरून बाळ कमी वजनाचं आहे का याचा अंदाज घेण्याचीही पद्धत आहे. म्हणजे काकूंचा 8.9 चा बूट नव्या बाळाला अगदी बरोबर आहे, वर जेमतेम एक सेंटिमीटर मोकळं. तीन महिन्यांच्या पायावर घालून बघितला म्हणून नापास झाला.

सुईदोरा | 11 ऑगस्ट, रात्री 8:35
तीन दिवस आम्ही बूट तपासतोय आणि चुकलेला निघाला पाय!!

कृष्णाकाठची | 11 ऑगस्ट, रात्री 9:15
हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे साचा टाकायचा नाही. पण मोठा साचा हवाच ना?

हिशेबनीस | 11 ऑगस्ट, रात्री 9:40
पाय अधिक 1 सेंमी मोकळं अधिक 1.3 शिलाई. 9.5 च्या पायाला 11.8 कापा. साचा नुसता लांब करू नका, चवडा आणि पट्टीही त्या प्रमाणात वाढवा. झेरॉक्सवाल्याला 116 टक्के सांगा, सगळे भाग एकदम मोठे होतील. मग शिलाई मात्र पाव इंचच ठेवा.

नाना_साताऱ्याचे | 12 ऑगस्ट, सकाळी 6:10
हे झेरॉक्सचं मला चाळीस वर्षांत सुचलं नाही. इलॅस्टिक मात्र मी अजूनही 4 इंचच म्हणेन, लहान मापाला. नळीत ओवल्यावर बूट हातात धरून मागची कड दोन बोटांनी ताणा. सहज ताणली पाहिजे आणि सोडल्यावर परत आली पाहिजे.

औंधची_आत्या | 13 ऑगस्ट, दुपारी 12:05
सगळं बरोबर, पण एक विचारते. बाळ यायच्या आधी त्याचे कपडे शिवून ठेवत नाहीत, आमच्याकडे तरी. आणि आल्यावरही पहिलं कोरं घालत नाहीत, जुन्यातलंच घालतात. ज्यांची मुलं जगत नसत त्या तर चार घरचं कापड मागून आणून घालत, आणि नावही भिकू नाहीतर दगडू ठेवत. तुम्ही पोथीतल्या बायका नव्हेत, पण जरा थांबलात तर काय बिघडेल?

दक्षिण_काशी | 13 ऑगस्ट, दुपारी 12:40
आत्या, आता हे काय मध्येच.

मिरजेची_सिस्टर | 13 ऑगस्ट, दुपारी 1:30
आत्या, जुनं मऊ कापड घालायची रीत मला पटते, कोऱ्या कापडाची खळ बाळाच्या कातडीला सोसत नाही. पण आधी तयारी करायची नाही याने धांदल उडते. आमच्याकडे काही बाळं बाहेर येतात तेव्हा पिशवीत गुंडाळायला एक दुपटंही नसतं.

नाना_साताऱ्याचे | 13 ऑगस्ट, सायंकाळी 5:20
भांडू नका. कापून ठेवा, टीप नंतर मारा. कापलेल्याला कपडा म्हणत नाहीत. दुकानात आम्ही कापून ठेवलेल्याचे पैसे कधी घेतले नाहीत.

औंधची_आत्या | 13 ऑगस्ट, सायंकाळी 5:45
हे चालेल!

कृष्णाकाठची | 13 ऑगस्ट, रात्री 10:05
मलाही चालेल. खरं सांगायचं तर आईनेही हेच म्हटलं असतं. दोन मापांचे तुकडे कापते, छोटं आणि मोठं, डा-उ लिहून वेगवेगळ्या पुरचुंड्या बांधते. उकळलेले तुकडे वाळलेत. अकरापैकी तीन टरकले. एक वासामुळे टाकला, सिस्टरांचं ऐकलं. सात उरले. अस्तराला पुरतात.

दंडोबा | 14 ऑगस्ट, सकाळी 8:00
एक वेगळा मुद्दा. बूट हवेतच कशाला? आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, चालायला शिकताना घरात अनवाणीच ठेवा, पायाला जमीन कळते.

मिरजेची_सिस्टर | 14 ऑगस्ट, दुपारी 3:10
बरोबर आहे, पण ते पाय टेकायला लागल्यावर. हे बूट ऊब आणि हौस यासाठी. हातपाय गार लागले की आज्या घाबरून दोन-दोन बूट चढवतात, तसंही करू नका. नव्या बाळाचे तळवे थोडे गार असू शकतात. ऊब बघायची तर पोटाला किंवा मानेच्या मागे हात लावून बघा. आणि चालायला लागलेल्या पोराला हे सुती बूट घालून गुळगुळीत फरशीवर सोडू नका. थेट कपाळमोक्ष.

कृष्णाकाठची | 3 नोव्हेंबर, रात्री 2:20
मंडळी, मुलगी झाली. दोघी सुखरूप. वजन 2 किलो 900. बाळ झोपलंय, बाळंतीण झोपलीये, मला झोप येत नाही म्हणून मशीनवर बसले. लेक उठेल म्हणून शेवटी हातानेच शिवले, उलटटीप घालून. पाय 7.8 सेंटिमीटर. छोटी जोडी बसली. हिशेबनीस, तुमचं 8.9 अगदी बरोबर निघालं. आत बोट फिरवून बघितलं, सिस्टर. दहाही बोटं मोजली.

अस्तर आईच्या पोपटी साडीचं. डाग टाचेकडे आलाय, दिसत नाही. मला माहीत आहे तिथे आहे, एवढंच.

औंधची_आत्या | 3 नोव्हेंबर, सकाळी 5:50
लक्ष्मी आली. बारशाला कळवा. सुई मात्र गादीवर ठेवू नका हो.

सुईदोरा | 3 नोव्हेंबर, सकाळी 7:30
काकू, अभिनंदन! सांगलीचं भडंग की साताऱ्याचे कंदी पेढे?

नाना_साताऱ्याचे | 3 नोव्हेंबर, सकाळी 7:45
पेढ्यांची बाजू आम्ही सांभाळतो. उलटटीप किती बारीक घातली ते सांगा.

कृष्णाकाठची | 12 जानेवारी, दुपारी 4:00
परत आले. संक्रांत परवावर आलीये, बोरन्हाणाला काळं झबलं झालंय. काळ्या खणाचा तुकडा आहे, गुळेदगुड्डचा, माझ्याच चोळीचा उरलेला. मोठ्या साच्याने बूट करतेय. काठ टोचेल का?

वाई_ते_वाठार | 12 जानेवारी, दुपारी 4:25
काठ वरच्या कडेला घेऊ नका, घोट्याला घासतो. चवड्यावर मधोमध आडवा घ्या, दिसायलाही छान. आत साडीचं अस्तर आहेच. आणि खण सुटतो फार, कापल्या कापल्या कडेला हाताने दोरा मारून घ्या.

कृष्णाकाठची | 18 जानेवारी, रात्री 9:30
झालं बोरन्हाण. बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, हलवा सगळं डोक्यावरून ओतलं. पोरगी रडली नाही, उलट मुठी भरून घ्यायला बघत होती. पाय 9.3, लाथा भरपूर, बूट शेवटपर्यंत पायात! वरच्या काकूंचा नातू आता आठ महिन्यांचा आहे, त्याने रांगत येऊन एक बूट चाटला.

घरातली गडबड निवल्यावर बूट काढले तर उजव्यातून दोन चुरमुरे निघाले. हिशेबनीस, तुमची 1 सेंटिमीटर मोकळीक जरा जास्तच झाली म्हणायची.

हिशेबनीस | 18 जानेवारी, रात्री 9:50
साधे चुरमुरे की भडंगाचे? लांबी मोजून कळवा.